सर्व वाफे ठीक

"येवले, मी नसताना दिवे रोज लागत होते ना?"

नेने मॅडमनी त्या सकाळी हे चौथ्यांदा विचारलं. त्या सात नंबरच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. हातात पान धरायचा चिमटा, चिमट्याची नळी शेजारच्या पेटीत गेलेली आणि पेटीच्या काचेवर आकडा. आकडा पाहायच्या, मान हलवायच्या आणि पुढचं पान धरायच्या.

"रोज लागत होते, मॅडम. अकरा ते तीन. वहीत आहे सगळं."

"वही मी पाहिली हो. वहीत काय लिहिलंय ते गवताला ठाऊक नाही ना!"

पलीकडे आठ नंबरात माझी बायको सगुणा फुटवे मोजत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "बाई, गवात झ्याक आलंय की. कशापायी तरास करून घेताय?"

"झ्याक आलंय हाच तर त्रास आहे, सगुणाताई."

सगुणा हसली. "ह्ये आपलं नवीनच. आमच्याकडं पीक बुडालं की रडत्यात."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चिमटा मिटला आणि पेटीवर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच. ती पेटी त्या लेकरासारखी जपायच्या, म्हणून मला तो आवाज अजून आठवतो.

ही २००१ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका पठारावर आमचं गवत संशोधन केंद्र होतं. तीन खोल्यांचं ऑफिस, कामगारांच्या चार खोल्या, एक विहीर आणि बाकी सगळं गवत. मी तिथं अकरा वर्षं क्षेत्र सहायक होतो, पण हंगामी. दर वर्षी नवा कागद यायचा, दर वर्षी तो येईल की नाही याची धाकधूक असायची. सगुणा रोजंदारीवर होती. खुरपणी, कापणी आणि मोजणी तिच्याकडे.

मॅडमचा प्रयोग असा होता. उन्हात अतिनील किरण असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यातले बरेचसे वर आकाशात ओझोनचा थर अडवतो. तो थर विरळ झाला आणि खाली येणारे किरण वाढले, तर गवताचं काय होईल? गवतच का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "गवतावर जनावर आणि जनावरावर माणूस. गहू, ज्वारी, भात, सगळी गवतंच आहेत, येवले."

मारवेल गवताचे बारा वाफे होते. एकेका वाफ्यात अठ्ठेचाळीस ठोंब, म्हणजे मुळासकट लावलेल्या काड्यांचे झुबके, सगळे मॅडमनी स्वतः लावलेले. बाराही वाफ्यांवर लोखंडी चौकटी आणि चौकटींत त्या किरणांच्या नळ्या. नळ्यांखाली पातळ कागद ताणलेला. विषम नंबरांच्या वाफ्यांवरचा कागद किरण खाली सोडायचा आणि सम नंबरांवरचा ते अडवायचा. बाकी पाणी, माती, सावली सगळं सारखं. दिवे लागले की कुणी आत जायचं नाही, डोळे जातात. म्हणून मोजणी अकराच्या आत उरकायची.

पहिल्या वर्षी फरक स्वच्छ दिसला होता. किरणांखालचं गवत चार बोटं आखूड, पानं जाड आणि तोकडी, बुडाशी फुटव्यांची नुसती गर्दी. पान उन्हात स्वतःचं अन्न तयार करतं, त्याला मॅडम प्रकाशसंश्लेषण म्हणायच्या, त्याचा वेगही चिमट्याच्या पेटीवर कमी भरला होता. काही ठोंब तर महिन्याभरातच वाळले होते. पण एका वर्षाचा आकडा योगायोगाचा असू शकतो, असं प्रयोग तपासायला येणाऱ्या समितीचं म्हणणं पडलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावा, पुन्हा मोजा, मग पुढचं बघू. आता समिती नऊ दिवसांवर आली होती. प्रयोग टिकला तर मॅडम माझ्या कायम होण्याची शिफारस करणार होत्या. तसा त्यांनी शब्द दिला होता. प्रयोग बंद पडला तर चौकटी भंगारात आणि मी घरी.

आणि या वर्षी फरकच दिसत नव्हता. सात नंबर आणि आठ नंबर शेजारी शेजारी, दोन्ही सारखेच हिरवे, सारखेच उंच. कागद झाकून दाखवला असता तर मलाही ओळखू आलं नसतं.

आम्ही सगळं तपासलं. पहिल्या दिवशी कागद बदलले. तो कागद किरणांनी जुना होतो, मग त्यातून किरण नीट जात नाहीत. मी दर आठवड्याला बदलत होतो, तरी पुन्हा बदलले. दुसऱ्या दिवशी नळ्या. मॅडमनी जीप पाठवून शहरातून किरण मोजायचं यंत्र मागवलं. ते आलं तेव्हा त्याची बॅटरी मेलेली. बॅटरी आणायला पुन्हा जीप. किरण मोजले तर बरोबर, जेवढे हवे तेवढेच. मग घड्याळ तपासलं, जे दिवे लावतं आणि बंद करतं. तेही बरोबर. मग चिमट्याची पेटी उघडली, आतले ओल शोषणारे निळे खडे बदलले, पेटी पुन्हा बंद केली. आकडे तेच.

"सगळं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळं बरोबर असून उत्तर चूक कसं येतं?"

दर वेळी त्या "येवले" म्हणायच्या आणि पुढचा प्रश्न यायचा. माती वेगळी पडली का? बियाणं वेगळं आलं का? तुम्ही पाणी कमीजास्त दिलंत का? मी दर वेळी नाही म्हणायचो. चार दिवसांत इतक्या वेळा नाही म्हटलं की ते तोंडातच बसलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी खोलीवर जेवायला आलो. सगुणानं भाकरी वाढली, पिठलं वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"पिठल्यात मीठ जास्त झालं का?"

"मीठ नाही झालं जास्त. डोकं उठलंय."

"कुणाचं? बाईंचं का तुमचं?"

"दोघांचं. तुला काय करायचंय."

"दोन वरसं झाली, मला काय करायचंय म्हणताय," ती म्हणाली. "मी नुसती मोजतीया. कशापायी मोजतीया ते सांगितलं का कुणी? बाईंना वाटतं तुम्ही सांगितलं असंल. तुम्हाला वाटतं हिला सांगून काय उपेग."

मी चिडलेलोच होतो. म्हटलं, घे, ऐक. आणि सगळं सांगितलं. ओझोन, किरण, समिती, चौकटी. सांगताना भाकरीचे तुकडे मांडले, हे सात नंबर, हे आठ नंबर. सातमधलं गवत आखूड व्हायला पाहिजे, खुरटायला पाहिजे, त्यातलं काही वाळायला पाहिजे. पहिल्या वर्षी झालं तसं. आणि या वर्षी काही होतच नाही.

सगुणा भाकरीच्या तुकड्यांकडं बघत राहिली.

"म्हंजी," ती हळू म्हणाली, "मरायलाच पाहिजे हुतं का काही ठोंब?"

"तेच तर सांगतोय!"

"मेले हुते की."

"काय?"

"आषाढात मेले हुते, बाई गावाला गेल्या हुत्या तवा. किती तरी. आन् जे जगले ते बी रोगट, आखूड, बुडाशी गठ्ठा झालेले. मी उपटून काढले. विहिरीजवळ राखीव ठोंब हुते त्येनी नांग्या भरल्या."

ज्यांनी शेती केलेली नाही त्यांना सांगतो. पेरलेल्या ओळीत एखादं रोप मेलं की तिथं मोकळी जागा पडते, ती नांगी. चांगली बाई नांगी ठेवत नाही. लगेच दुसरं रोप आणून लावते. रोगट दिसलं तर उपटते, शेजारी रोग जाऊ नये म्हणून. आमच्याकडे लेकी सासरी जाईपर्यंत हे शिकूनच जातात. रान बघून बाई ओळखतात. सगुणानं दोन वर्षं ज्या गवतात काम केलं ते सरकारी होतं की घरचं, याचा तिनं कधी हिशेब केला नाही. पहिल्या वर्षी खुरपणीला दुसऱ्या बायका होत्या, त्यांनी नांग्या तशाच ठेवल्या. ती मला म्हणालीही होती, काय आळशी बाया हायेत.

मी तिच्यावर ओरडलो. "अगं तू काय केलंस! दोन वर्षांचं काम तू खुरप्यानं उकरून टाकलंस! त्या बाईची झोप गेली, माझी नोकरी जाते, आणि तू नांग्या भरत बसली होतीस?"

"पर तुम्ही तर—"

"एक शब्द बोलू नको!"

मी उठून हात धुतले. दारात उभं राहून म्हणालो, "हे मॅडमना कळता कामा नये."

"का?"

"का म्हणजे? कळलं तर तुला तर काढतीलच, मलाही काढतील."

"आन् न्हाई कळलं तर त्या पेटी उघडत बसतील," ती म्हणाली. "सांगून टाका. बाई वाईट न्हाईत. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी ठरवायचो, मॅडम चहा घेतील तेव्हा सांगू. चहा व्हायचा. मग ठरवायचो, मोजणी झाली की सांगू. मोजणी व्हायची. सगुणा आठ नंबरातून माझ्याकडं बघायची. मी दुसरीकडं बघायचो. मॅडम दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. डबा तसाच परत जायचा. एकदा त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि कपाळ लोखंडावर आपटलं. हळूच, पण आपटलं.

समितीला दोन दिवस राहिले होते. सकाळी मॅडम एक कागद घेऊन वाफ्यांवर आल्या. आवाज अगदी शांत होता.

"येवले, मी समितीला कळवतेय. पहिल्या वर्षीचे माझे आकडे मी मागे घेते. माझ्याकडूनच तेव्हा काही तरी चुकलं असणार. किरणांचा या गवतावर परिणाम नाही, असंच लिहावं लागेल. तुमच्या शिफारशीचं मी वेगळं काही बघते, पण शब्द देता येणार नाही."

मी मान हलवली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नोकरी जाईल तर जाईल, पण प्रकरण मिटलं.

सगुणा वाफ्यातून उठली. हाताची माती लुगड्याला पुसत आली आणि मॅडमच्या समोर उभी राहिली.

"बाई, त्यो कागद धाडू नका. तुमचं काही चुकलं न्हाई. मी नांग्या भरल्यात."

मॅडमना आधी कळलंच नाही. नांगी म्हणजे काय तेही त्यांना ठाऊक नव्हतं. सगुणानं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच. मेलेले किती, रोगट किती, कुठल्या आठवड्यात, ठोंब कुठून आणले. मॅडम ऐकत गेल्या तशा त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे, बाई? नांगी दिसली की भरायची."

"अहो पण हा प्रयोग आहे! ते मेलेले ठोंब हेच माझं उत्तर होतं! तुम्ही उत्तर उपटून फेकून दिलंत!"

"मला कुणी सांगितलं न्हवतं, मेलेलं गवात बी कामाचं असतं."

मॅडम माझ्याकडं वळल्या.

"येवले. मी आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेले तेव्हा तुम्हाला काय सांगून गेले होते?"

"जे होईल ते होऊ द्या, हात लावू नका, फक्त लिहा."

"आणि त्या सात आठवड्यांच्या वहीत काय आहे? मला पाठ झालंय. 'सर्व वाफे ठीक.' रोज. तुम्ही रोज फेरी मारत होता ना?"

"मारत होतो."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

सगुणा माझ्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

आता इथं जे सांगायचं ते सांगतो. त्या आषाढात एके दिवशी पाऊस झिमझिमत होता. मी फेरीला गेलो तर सगुणा डोक्यावर इरलं घेऊन सात नंबरात वाकली होती. एका बाजूला उपटलेल्या खुरट्या ठोंबांचा ढीग, दुसऱ्या बाजूला पाटीत नवे ठोंब. मी छत्री धरून बांधावर उभा राहिलो. पाच-सात मिनिटं उभा होतो. हे काय चाललंय ते मला कळत होतं. मॅडमनी काय सांगितलं होतं तेही आठवत होतं. पण माझा बाप शेतकरी आणि आजा शेतकरी. वाफा भरलेला बघितला की बरं वाटतं. आणि मनात आलं, समितीतली मोठी माणसं येणार, त्यांना टक्कल पडलेले वाफे दाखवायचे का? मी म्हणालो, "आता कसा वाफा दिसतोय! नाही तर भिकाऱ्याच्या गोधडीगत झालं होतं. बाकीचे पण असेच भर." हे मी म्हणालो. सगुणानं मान वर केली, तोंडावरचं पाणी पुसलं, आणि तिला इतकं बरं वाटलं होतं की ती ओठातल्या ओठात काही तरी गुणगुणायला लागली. मी ऑफिसात आलो आणि वहीत लिहिलं, सर्व वाफे ठीक.

म्हणून मॅडमनी विचारलं तेव्हा सगुणा माझ्याकडं बघत होती. मी नाही म्हणालो. तिनं एक क्षण वाट पाहिली. मग मान खाली घातली आणि मॅडमना म्हणाली, "बाई, मी कुठला लावलाय आन् तुमचा कुठला ते मी दाखवते. सगळे दाखवते."

"दोन महिन्यांनी? सगळे सारखे दिसतात!"

"तुम्हाला दिसत असतील. तुम्ही दोरी धरून सरळ लावता आन् एका ठिकाणी दोन काड्या लावता. मी वाऱ्याकडं कलता लावते, न्हाई तर इथला वारा उपटून काढतो. आन् तीन काड्या लावते. दोन काड्यांचा ठोंब म्हंजी चिंगूसपणा."

मॅडमना ते पटलं नाही. त्यांनी खुरपं मागितलं. सगुणानं बोट दाखवलं, "ह्यो माझा." मॅडमनी बुडाशी उकरलं. तीन जुन्या काड्या. "ह्यो तुमचा." दोन. "ह्यो माझा." तीन. मॅडमनी मग तिला पाठ करून उभं केलं आणि स्वतः एक निवडून विचारलं. सगुणा वळली, पानं बाजूला सारून बोटानं बूड चाचपलं. "तुमचाच. पर ह्येची एक काडी पडलीया." उकरलं तर एकच काडी, शेजारी दुसरीचं कुजलेलं बूड.

मॅडम मातीतच बसल्या. रडत होत्या की हसत होत्या, सांगता येत नाही.

त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिवे बंद ठेवले. सगुणा पुढं, मॅडम मागं, आणि मी बांबूच्या काड्या घेऊन शेवटी. सगुणा "माझा" म्हणायची, मी तिथं काडी रोवायचो. विषम नंबरांच्या सहा वाफ्यांत दोनशे अठ्ठ्याऐंशी ठोंब, त्यातले एकशे एकतीस तिचे निघाले. चौकटीच्या मधोमध, जिथं किरण जास्त आणि जिथं मॅडम मोजायच्या, तिथं तर जवळजवळ सगळे तिचेच. पण प्रत्येक वाफ्यात मधले पाच-सहा जुने उरले होते. ती उपटायच्या बेतात होती तेव्हा राखीव ठोंब संपले होते, म्हणून वाचले. मॅडमनी दुसऱ्या दिवशी फक्त तेवढेच मोजले. आखूड. पान जाड. फुटवे जास्त. वेग कमी. पहिल्या वर्षीसारखेच, थोडे सौम्य. सगुणाचे ठोंब विहिरीजवळ आधीच वाढून दणकट झालेले, म्हणून किरणांखालीही तग धरून राहिले, असं मॅडम म्हणाल्या.

काम चालू असताना दोघींचं बोलणं सुरू होतं. मॅडम विचारायच्या, रोगट कसा ओळखला, पान कसं होतं, वास होता का. सगुणा सांगायची, मॅडम लिहून घ्यायच्या. मॅडम म्हणाल्या, "सगुणाताई, तुम्ही इतकं बघता आणि तुम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. माझीच चूक." सगुणा म्हणाली, "आवो, तुम्ही कशाला चुकताय? चुकायला मी हाय की." आणि दोघी हसल्या. मी मागं काड्या रोवत होतो.

संध्याकाळी खोलीकडं जाताना ती माझ्या पुढं चालत होती. मीच म्हणालो, "का नाही सांगितलंस, मी बघितलं होतं म्हणून?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले हुते," ती म्हणाली.

"मग माझी नोकरी?"

"व्हय. त्येच मनात आलं माझ्या बी." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "आता घरात बोलू नका ह्याच्यावर." तेवढंच. त्यानंतर तिनं तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

समिती आली. मॅडमनी झालेलं सगळं मोकळेपणानं सांगितलं, रोजंदारीच्या बाईनं नांग्या भरल्या आणि तिनंच त्या ओळखून दिल्या. समितीतले एक वयस्कर गृहस्थ पोट धरून हसले. प्रयोगाला आणखी दोन वर्षं मिळाली. मार्चमध्ये माझा कायम झाल्याचा कागद आला. मॅडमच्या शिफारशीत लिहिलं होतं, प्रामाणिक आणि विश्वासू.

सगुणाला मॅडमनी पुढच्या हंगामात नोंदीच्या कामावर बोलावलं. ती गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. तेव्हा तिचं वय अडतीस होतं.

मी काय केलं ते सांगतो. त्या दिवाळीत आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिचा भाऊ सर्जेराव, गप्पांचा मोठा शौकीन. म्हणाला, "दाजी, कायम झालात म्हणं, पार्टी द्या." मी खुशीत होतो. मी गोष्ट सांगितली. कशी, तर अशी की आमच्या हिनं सरकारच्या प्रयोगात नांग्या भरल्या, शास्त्रज्ञ बाई महिनाभर डोकं धरून बसल्या आणि मी बिचारा मधल्या मध्ये. सगळे लोळून हसले. सर्जेरावनं बहिणीला विचारलं, "काय गं आक्के, ओझोनला बी ठिगळ लावायला निघालीस का?" ती चहाचे कप गोळा करत होती. हसली.

मग ती गोष्ट माझीच झाली. लग्नात, बारशात, गणपतीत, कुणी पाहुणा आला की सर्जेराव म्हणायचा, दाजी, ते गवताचं सांगा. मी सांगायचो. दर वेळी थोडं मीठमिरची वाढायची. मॅडमचा आवाज काढायचो, सगुणाचा आवाज काढायचो. माझा आवाज त्यात कुठं नव्हता. बांधावर कुणी उभं नव्हतं. बावीस वर्षं सांगितली. बावीस वर्षं ती तिथंच असायची, स्वयंपाकघराच्या दारात किंवा माझ्या शेजारी. एकदाही म्हणाली नाही की हे असं नव्हतं. नव्या सुनांना वाटायचं, आत्याबाईंना ही गोष्ट आवडते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. खरंच वाटायला लागलं होतं.

गेल्या माघात ती गेली. चार दिवस दवाखान्यात होती, बोलणं बंद झालं होतं. मी उशाशी बसून होतो. काय काय बोललो तिच्याशी, हे मात्र बोललो नाही. वाटलं, आता कशाला.

तेराव्याचं गोड जेवण होतं. अंगणात पंगत बसली. सुतकाचे दिवस संपले म्हणजे लोक जरा मोकळे होतात, आठवणी काढतात. सर्जेराव माझ्या शेजारी होता. डोळे पुसत पुसतच त्यानं सुरुवात केली. "आमच्या आक्काची एक गंमत सांगतो. लई भोळी. दाजींच्या ऑफिसात एक बाई होती शास्त्रज्ञ..." माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत, माझ्याच जागी थांबत. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. "दाजींना तर काहीच ठाऊक नाही," सर्जेराव म्हणाला, "ते बिचारे दिवे तपासतायत!"

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं, दाजी?"

"मला ठाऊक होतं. मी बघितलं होतं तिला लावताना. मीच म्हणालो, बाकीचे पण भर. मॅडमनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ती भोळी नव्हती. चूक तिची नव्हती, माझी होती."

मी मोठ्यानं बोललो. शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण सगळे गप्प झाले. माझी लेक वाढता वाढता थांबली. मला वाटलं, झालं एकदाचं.

सर्जेरावनं माझ्या पाठीवर हात ठेवला. समोरच्या ओळीकडं बघून तो म्हणाला, "बघा. ती गेली तरी चूक स्वतःच्या अंगावर घेतायत. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

"अरे खरं सांगतोय मी!"

"व्हय, व्हय, दाजी. जेवा आता."

पंगतीत माना डोलत होत्या. बुंदी घेऊन वाढपी आला. मी पानावर हात आडवा धरला. त्यानं हात बाजूला केला आणि दोनदा वाढलं.